पुष्पाबाईंना काय द्यावं

गोंदिया, ३ ऑक्टोबर

वच्छलाताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. होस्टेलवर असताना तुझी निळी आंतरदेशीय पत्रं यायची. ती उघडताना कडेची एखादी ओळ हमखास फाटायची आणि मग त्या ओळीत तू काय लिहिलं असशील याचा अंदाज बांधण्यात माझा सगळा दिवस जायचा. काल पोस्टात तसं पत्र मागितलं, तर खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "नेमकं काय पायजे मॅडम?" शेवटी साधा लिफाफा घेऊन आले.

तुला एक विचारायचं आहे. रुची ज्या पाळणाघरात जाते ते पुष्पाबाईंचं घरच आहे, रेल्वेलाईनच्या पलीकडे. पुढच्या दोन खोल्या त्यांनी मुलांना देऊन टाकल्या आहेत. गीताबाई त्यांच्या मदतीला असतात. या दोघींना दिवाळीला काय द्यावं?

हे तुलाच विचारावं का, याचा मी पुष्कळ विचार केला. रुची जन्मल्यापासून तू तिला सांभाळलंस. गेल्या दिवाळीत तू निघून गेलीस, म्हणून पुष्पाबाई आल्या. त्यांच्या दिवाळीचं तुला विचारणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं आहे, हे मला कळतं. पण कुणाला काय द्यावं हे आपल्या घरात फक्त तुलाच कळायचं, त्याला मी काय करू?

आठवतं, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंना द्यायला तू मेण आणि तीळतेल कढवून डबी भरली होतीस? दसऱ्यापासून तू त्यांच्या भेगाळलेल्या टाचा बघत होतीस. त्यांनी डबी घेतली, आणि मला नंतर वर्षभर खिचडीतली तळाची खरपुडी मिळाली. होस्टेलच्या मेट्रनला तू आपल्या बांधीतला चिन्नोर तांदूळ पाठवलास, कारण मी सहज लिहिलं होतं की त्या रोज भाताला नाक मुरडतात. मी विचारायचे, "ताई, तुला कसं सुचतं?" तर म्हणायचीस, "सुचते कायले? मानूस कायविना चालवून राहिला ते पाहाचं."

आमच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या चर्चा जोरात आहे. कुणी म्हणतं डिनर सेट, कुणी म्हणतं चांदीचं नाणं, कुणी ड्रायफ्रूटच्या खोक्याचा फोटो टाकतं. मी अजून काही लिहिलेलं नाही.

रुची मजेत आहे. आता पूर्ण वाक्य बोलते. उमेंद्र धानाच्या हंगामात गिरणीत बुडालेला आहे, नेहमीसारखा; रुचीला तिचा बाबा रात्रीच दिसतो.

तुझी तब्येत कळव. नाही कळवलीस तरी मी लिहीत राहीन.

प्राची


गोंदिया, १२ ऑक्टोबर, रविवार

ताई,

तुझं उत्तर नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

आज उमेंद्रला ओढून बाजारात नेलं. साडीच्या दुकानात गादीवर बसायच्या आतच शेठनं विचारलं, "मॅडम, लेने-देने की दिखाऊं, कि पहनने की?"

उमेंद्र म्हणाला, "काय फरक आहे? दोन्ही सारख्याच तर दिसतात."

"दिखती है साहब. धोने के बाद पता चलता है."

सगळं दुकान हसलं, मीही हसले, आणि मग एकदम मला आपली लोखंडी पेटी आठवली. नवरा गेल्यावर तू आपल्या घरी परत आलीस तेव्हा आपली आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी शाळकरी. त्यानंतर गावात जेवढी लग्नं झाली, जेवढी बारशी झाली, तेवढ्या साड्या तुला मिळाल्या आणि त्या सगळ्या देण्याघेण्याच्या. तू एकही नेसली नाहीस. घडी न मोडता पेटीत ठेवायचीस आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला द्यायचीस. ती जांभळी, मोठ्या फुलांची, तुला आठवते का? तीन-चार घरं फिरून ती परत आपल्याच घरी आली, तेव्हा तू ओसरीवर हसता हसता खाली बसलीस. "पाय व प्राचे, हे तं माहेरी आली!" तुला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी शेठला म्हटलं, नेसायच्या दाखवा.

ताई, गेल्या दिवाळीच्या पाडव्याला तुझ्यासाठी आणलेली साडीसुद्धा नेसायचीच होती. आंधळगावच्या कोसा रेशमाची, चिंचेच्या पाल्याच्या रंगाची. ती मी तीन दुकानं पालथी घालून निवडली होती. हे तुला कधी सांगता आलं नाही, कारण तू साडी पाहिलीच नाहीस. तू पाकीट पाहिलंस.

ते पाकीट उमेंद्रनं ठेवलं होतं. गिरणीतल्या माणसांची दिवाळीच्या पैशांची पाकिटं करताना त्यानं घरचीही केली. दूधवाल्याचं, धुणंभांडी करणाऱ्या बाईंचं आणि तुझं. तीन एकसारखी पाकिटं, एकाच ताटात, ओळीनं. त्याच्या मनात काही नव्हतं. दोन वर्षं ताईंनी पोरीचं सगळं केलं, त्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि मी हळदीकुंकवाच्या गडबडीत ते ताट तसंच तुझ्यापुढे धरलं.

तू म्हणालीस, "मले बी पाकीट?"

मी म्हटलं, "अगं, दिवाळीचं आहे."

"दिवाळी कामाच्या बाईले देतेत व. मी कोन हाये तुई?"

मी म्हणाले, "तुझा हक्कच आहे तो." ते तर आणखीच वाईट झालं. तू पाकीट उघडलं नाहीस, साडीला हात लावला नाहीस, चहाही घेतला नाहीस. आपल्याकडे लेकीच्या घरचं काही घेत नाहीत, आणि आईच्या जागी तूच होतीस, हे मला का आठवू नये? पिशवी काखेत मारून तू दारातून निघालीस, तेव्हा रुची मागच्या खोलीत झोपली होती. उठल्यावर तिनं तुला मोठीआई, मोठीआई म्हणून घरभर हाका मारल्या. पलंगाखालीसुद्धा बघितलं.

हे लिहायचं नव्हतं. साडीच्या दुकानाचं लिहायला बसले होते.

पुष्पाबाईंसाठी काहीच पसंत पडलं नाही. तुझ्या रीतीनं बघायचं ठरवलंय, त्या कशाविना चालवतात ते.

प्राची


गोंदिया, १७ ऑक्टोबर

ताई,

तुझी रीत मला जमली नाही. आठवडाभर रुचीला सोडताना आणि घेताना मी त्या दोघींचे हात, पाय, भांडी, पडदे बघत उभी राहिले. शेवटी गीताबाईंनीच विचारलं, "काही हरवलं का मॅडम?"

मग मी सरळ विचारून टाकलं. दिवाळीला काय आणू?

गीताबाईंनी क्षणही लावला नाही. "कप नोको आणू बरं. मांगच्या साली सगळ्यांनी कपच देल्ले, मोठेमोठे, त्याच्यावर दिल काढलेले. एका कपानं मी तांदूळ मोजते, एकात मंजन ठेवलं."

"काऊन व गीता, असं बोलतेत का?" पुष्पाबाई ओरडल्या.

"काऊन नाई? त्यायनं विचारलं म्हून सांगतलं. बिन-विचारता सांगतलं का मी?"

पुष्पाबाई एका बाळाला मांडीवर थोपटत होत्या. त्याच लयीत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मले मंडई देता का ताई?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर दवनीवाड्याचं. पाळणाघर सुरू केल्यापासून त्यांनी माहेरची मंडई पाहिलेली नाही. भाऊबीज झाली की पालकांच्या कचेऱ्या उघडतात, मुलं दारात हजर होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत गावोगाव मंडईच्या जत्रा भरतात. "भाऊ दरसाल बोलावते. रातचं नाटक, सिंगाडे, साऱ्या पोरी माहेरी आलेल्या. आन मी इथं सू-शी करून राहिली. दोन दिस बंद ठेवतो म्हटलं तं लोक म्हनतेत, मंग फीस कापा."

मी घरी येऊन ग्रुपवर लिहिलं. डिनर सेट नको, नाणं नको. दोघींना नेसायची एकेक साडी, आणि भाऊबीजेनंतरचा सोमवार-मंगळवार मंडईची सुट्टी, फी न कापता. ताई, त्यावर जे झालं ते तुला ऐकवलं असतं तर तू पोट धरून हसली असतीस. विक्कीच्या आईनं लिहिलं, "मंडई उनकी और छुट्टी हमारी कटेगी?" एकानं विचारलं, सुट्टीऐवजी मिक्सर नाही का चालणार. एका बापानं तर लिहिलं की मंडई रविवारी ठेवायला सांगा. जणू दवनीवाड्याच्या लोकांनी आमच्या ग्रुपला विचारून तारीख काढायची!

मी भांडले. मी, जी बँकेत खिडकीवर कुणी अंगावर आलं तरी खाली मान घालते. शेवटी विक्कीच्या आईचंच मन वळलं. तिलाही माहेरी जायचं होतं, पण तिनं ते सांगितलं नव्हतं.

आज सकाळी पुष्पाबाईंना सांगितलं. मला वाटलं, डोळ्यात पाणी येईल, आभार मानतील. छे! बाळ गीताबाईंकडे दिलं आणि त्याच पावली भावाला फोन लावला. "दादा, येऊन राहिली मी! खाट टाकून ठेव, वहिनीले सांग, मी काही काम करनार नाई!" मुलं टाळ्या पिटायला लागली. माझ्याकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही. त्यांचं त्यांना मिळालं होतं, त्यात आभार कसले?

मी पायरीवर चपला घालत बसले आणि मला तो मोहाखालचा रोवणा आठवला. मी तुझ्या कडेवर असेन, म्हणजे हे मला आईकडून ऐकून आठवतं की खरंच आठवतं, सांगता येत नाही. बांधीत चिखलात भात लावायला वाकलेल्या बायका, आणि त्यांची सगळी लेकरं मोहाच्या सावलीत तुझ्याभोवती. तूही तेव्हा शाळेत जायच्या वयाची. रोवणा संपला त्या दिवशी त्या सगळ्या बायकांनी तुला हिरवी रिबीन आणून दिली होती म्हणे. तू ती घेतलीस. आनंदानं घेतलीस आणि माझ्या चार केसांना बांधलीस.

परक्या बायकांकडून तू घेतलंस. माझ्याकडून तुला घेता आलं नाही. आता मला वाटतं, तुला काही देण्याचा हट्टच चुकीचा होता. तू काही मागायचीही नाहीस. मागायचं मीच असतं, तुझ्याकडे. लहानपणी मी दुसरं काय केलं?

साड्याही आणून दिल्या. गीताबाईंनी तिथेच खांद्यावर टाकून आरशात बघितलं.

प्राची


गोंदिया, २४ ऑक्टोबर

ताई,

भाऊबीज झाली. तुझ्याकडून बोलावणं आलं नाही. गेल्या साली नुकतंच भांडण झालं होतं, म्हणून मनाची समजूत घातली होती. यंदा दारापुढून फटाक्यांचे कागद झाडताना मी प्रत्येक ऑटो थांबतो का बघत होते.

सोमवार-मंगळवार पाळणाघर बंद. सुट्टी मीच भांडून मिळवली, आणि रुचीला कुठे ठेवायचं याचा विचार मीच केला नव्हता. बँकेत महिनाअखेर, साहेबांनी रजेचा अर्ज न वाचताच परत दिला. उमेंद्रच्या गिरणीसमोर ट्रॅक्टरांची रांग लागली आहे. तो म्हणाला, "मी तिला गिरणीत नेतो, पोत्यांवर खेळेल." मी म्हटलं, "त्या भुशात?"

मग मला काय वाटलं, तेच लिहिते. मला बरं वाटलं. तुझ्या दारात यायला मला काहीतरी कारण मिळालं.

रविवारी बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनीला उतरते. रुची सोबत आहे. गरज पडली म्हणून आली, असं तू म्हणशील. म्हण. खरंच गरज पडली आहे. साडी आणत नाही, मिठाई आणत नाही, उमेंद्रला पाकीट करू दिलेलं नाही. बोलावलं नाहीस तरी येते. तू दार लावून घेतलंस तर आपल्या ओसरीवर बसेन. लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं ते तू ठरव.

हे पत्र माझ्याआधी पोचेल असं वाटत नाही.

प्राची


गोंदिया, २७ ऑक्टोबर, सोमवार

ताई,

बँकेत जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. डबा उघडलाय, पण पहिलं हे.

रुचीला दूध कोमट लागतं. दुपारी झोपताना ती कुणाचातरी कान धरते. नाक पुसू देत नाही, त्यासाठी तिला गोष्टीत गुंतवावं लागतं. हे सगळं तुला सांगण्यात अर्थ नाही हे मला कळतं. पण पाळणाघरात रोज सांगायची सवय लागली आहे.

काल मी फाटकापाशी उभी राहिले तेव्हा तू अंगण सारवत होतीस. वर बघितलंस आणि पुन्हा हात चालवायला लागलीस. मग म्हणालीस, "काय आनलं?"

"काही नाही."

"काईच नाई? सनासुदीची?"

"पोरगी आणली. दोन दिवस ठेवून घे. मला सुट्टी नाही."

"सुट्टी नाई म्हून आली."

"हो."

तू हात धुतलेस, कोपरापर्यंत, सावकाश. "पाय धू," म्हणालीस. एवढंच. मी पाय धुतले. तेव्हापासून निघेपर्यंत तू माझ्याशी जे काही बोललीस ते सगळं मिठाचं, लाकडाचं आणि गाडीच्या वेळेचं होतं.

आणि रुचीनं तुला ओळखलं नाही. ती माझ्या पायामागे लपली. वर्षभर मी तिच्यापुढे तुझं नाव घेत होते, फोटो दाखवत होते, तरी नाही ओळखलं. तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला, ताई. तू तिला ओढलं नाहीस, 'मोठीआईले विसरली का व' असंही म्हणाली नाहीस. परत खाली बसलीस आणि शेणमातीचा एक गोळा तिच्यासमोर ठेवून आपलं सारवण करत राहिलीस. मी आत चहा ठेवायला गेले. बाहेर आले तेव्हा ती तुझ्या शेजारी उकिडवी बसून तळहात जमिनीवर आपटत होती, नवा फ्रॉक कोपरापर्यंत चिखलात, आणि तू तिला म्हणत होतीस, "असा नाई व, असा. हात पसरव."

संध्याकाळी निघताना तिनं मला टाटा केला. रडली नाही. मीच गाडीत बसून रडले. समोरच्या बाई सिंगाड्याची टोपली घेऊन मंडईला चालल्या होत्या, त्यांनी मूठभर सिंगाडे माझ्या ओटीत टाकले.

आता एक सांगते, जे तुला माहीत नाही. दुपारी मी न्हाणीत तोंड धूत होते. तिकडची भिंत आपल्या अंगणाला लागून आहे, तू विसरलीस. शेजारच्या रुख्माबाई कुंपणाशी आल्या. मंडईसाठी गावात घरोघरी पाहुणे उतरलेले, म्हणून त्यांनी विचारलं, "वच्छला, तुयाकडं कोन पाहुनी आली व?"

मी नळ बंद केला.

तू म्हणालीस, "पाहुनी कायची? घरचीच हाये. सालभर रुसून बसली होती. भूक लागली म्हून आली."

रुसून कोण बसलं होतं, ताई? मी तशीच ओल्या तोंडानं बाहेर येऊन तुला विचारणार होते. तेवढ्यात तू आत जाऊन हाक मारलीस, "प्राचे, भात निवून राहिला." मी आले आणि पाटावर बसले. तू न विचारता दुसऱ्यांदा वाढलंस, मग तिसऱ्यांदा. मी नाही म्हटलं नाही. मला खरंच फार भूक लागली होती.

प्राची